नोंदवहीतला माणूस

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. त्यातला ‘फ्री’ हा शब्द तारेच्या कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांचा. माणसाची माहिती कोणाच्या हातात असावी, या प्रश्नाचा इतिहास आपल्या शहरात असा पत्त्यातच जपला गेला आहे. समाजमाध्यमांच्या काळात तो नव्याने वाचण्याची गरज आहे.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. जाहीर करणे योग्य होते की नाही, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. १९११च्या कायद्याने नोंदवलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. सोलापूरच्या वसाहतीत कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवली गेली. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर जायचे नाही आणि गिरणीत राबायचे. सरकार याला सुधारणा म्हणत होते.

हा इतिहास इतरांचा आहे, असे आपण समजतो. ते खरे नाही. छप्परबंद ही मुस्लिम जमात. खोटी नाणी पाडणारे, असा शिक्का मारून तिलाही या कायद्याखाली आणले गेले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ती आजही आहे, पण मुस्लिम समाजाबद्दल आपण लिहितो तेव्हा तिचे नाव क्वचितच येते. दुसरी एक गोष्टही सांगितली पाहिजे. बोटांच्या ठशांचे १०२४ खणांत वर्गीकरण करण्याचे गणित बसवले ते बंगाल पोलिसांतल्या काझी अझीझुल हक यांनी. हेमचंद्र बोस त्यांचे सहकारी होते. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. विद्या आपल्या माणसाची, श्रेय साहेबाचे, आणि ठसे गरिबांचे, असा हा हिशेब आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पोलीस पारध्यांच्या पालावर जातात, ही तक्रार विमुक्तांच्या चळवळीला पुढेही करत राहावी लागली. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरली जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा पाठलाग करते, हा सेटलमेंटचा धडा आहे.

आज नोंदवही आपण स्वतःच भरतो. नाव, छायाचित्र, गाव, नातेवाईक, कोणत्या सभेला गेलो, ईद कुठे साजरी केली, हे सारे आपण हौसेने लिहितो. त्यात गैर काही नाही. आपण कोण आहोत हे आपण सांगावे, यासाठीच तर १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. पण स्वतःविषयी सांगणे वेगळे आणि सांगितलेल्यावरचा ताबा जाणे वेगळे.

त्याचे भयानक रूप जुलै २०२१मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२मध्ये दिसले. पत्रकार, कार्यकर्त्या अशा अनेक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून उचलून ‘सुल्ली डील्स’ आणि ‘बुल्ली बाई’ या नावांनी त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. या स्त्रियांनी आपली ओळख स्वतः मांडली होती, आपल्या कामासह. तीच ओळख त्यांच्या अपमानासाठी वापरली गेली.

अशा वेळी घरातून पहिला सल्ला येतो तो मुलीलाच: फोटो काढून टाक, खाते बंद कर. त्यामागची काळजी आम्हाला समजते. पण गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि कुंपण मुलीभोवती घालायचे, हा न्याय सेटलमेंटच्या न्यायाहून फार वेगळा नाही. पडद्याची परंपरा सांगणाऱ्यांनी हेही आठवावे, की परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका आणि दुसऱ्याच्या उणिवा हुडकत फिरू नका, असे कुरआनने बजावले आहे. तो हुकूम पाहणाऱ्यासाठी आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती घेणे आणि माहिती पुसून मागणे ही तत्त्वे त्यात आहेत. शासकीय यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्यातच ठेवली आहे. सेटलमेंटची नोंदवही शासनाचीच होती, हे आठवले की या सुटीचा अर्थ कळतो.

म्हणून आपल्या मोहल्ल्यांतल्या वाचनालयांनी, महिला मंडळांनी आणि शाळांनी हा विषय हाती घ्यावा. कोणती माहिती द्यावी, कोणती देऊ नये, फोटो चोरीला गेला तर पुरावा कसा जपावा, सायबर पोलिसांकडे तक्रार कशी करावी, हे मुलामुलींना एकत्र बसवून शिकवावे. मुलांना तर आधी, कारण दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवणारा हात पुष्कळदा त्यांचाच असतो. आणि छप्परबंदांच्या एखाद्या मुलीला स्वतःच्या नावाने लिहायचे असेल, तर तिच्या पाठीशी उभे राहावे.