दुरुस्त, नादुरुस्त आणि आपण



विहाराची स्मरणिका म्हटली की तीत धम्मावरचे लेख येतात, बाबासाहेबांच्या आठवणी येतात, देणगीदारांची यादी येते. राजकारणावर लिहायचे नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. हा नियम का पडला हे वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आपल्या याच विहाराला एका वर्षी दोन कुलपे होती. एका गटाने एक लावले, म्हणून दुसऱ्या गटाने त्याच्यावर दुसरे लावले. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमेची वंदना आम्ही पायरीवर उभे राहून म्हटली. तथागतांची मूर्ती आत आणि आम्ही बाहेर. जयंतीच्या मिरवणुकाही दोन निघाल्या. वस्तीतल्या एक आजी दारात उभ्या राहून विचारत होत्या, "आरं, दोन्हीकडं फोटू तर एकाच बाबाचा हाय, मग भांडान कशाचं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधावे म्हणून हा लेख. कुणा एका नेत्याला बरे-वाईट म्हणायचे नाही. जे घडले ते क्रमाने मुलांपुढे मांडायचे आहे, कारण आजच्या तरुण पोरांना 'रिपब्लिकन' म्हटले की फक्त हसू येते. ते हसू आम्हाला फार लागते.

बाबासाहेबांनी राजकारण टाळले नाही, हे आधी लक्षात घेऊ. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत १७ जागा लढवून १४ जिंकल्या. १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले. पण १९४६ ला फेडरेशनचा दारुण पराभव झाला. घटना समितीत जायला बाबासाहेबांना बंगालमधून निवडून यावे लागले. घटना लिहून झाली, आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत घटनेचे शिल्पकार मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. आपल्या निराशेची सुरुवात इथून आहे. ज्याने सगळ्यांना मताचा अधिकार दिला, त्याला बहुमत मिळाले नाही.

याचे कारण आपल्या लोकांची मते कमी पडली एवढेच नव्हते. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. राखीव जागेवर उमेदवार आपला, पण त्याला निवडणार सगळा मतदारसंघ. तेव्हा मोठ्या पक्षाला आपल्यातला नरम माणूस निवडून आणणे सोपे झाले. बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. म्हणून शेवटच्या काळात फक्त अस्पृश्यांचा पक्ष न ठेवता सगळ्या पिचलेल्यांचा रिपब्लिकन पक्ष काढावा असे त्यांच्या मनात होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला बाबा गेले. पक्ष काढायचे काम मागच्यांवर आले.

मागच्यांनी सुरुवात झोकात केली, हे सांगितले पाहिजे. १९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बॅरिस्टर... नव्हे, वकील बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले. १९५९ साली पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. १९६२ ला उत्तर प्रदेशातून पक्षाचे तीन खासदार निवडून आले, त्यात अलीगढचे बी. पी. मौर्य होते. बाबांच्या माघारी पक्ष देशभर उभा राहतो की काय, असे वाटायला जागा होती.

पण पक्षाला दोन वर्षे होतात न होतात तोच १९५९ ला पहिली फूट पडली. कांबळे यांच्या बाजूच्या शिकलेल्या मंडळींचे म्हणणे असे की पक्ष घटनेच्या चौकटीत, नियमाने चालावा, डाव्यांच्या मागे जाऊ नये. दादासाहेबांचे म्हणणे असे की आपला माणूस खेड्यात भूमिहीन आहे, त्याला जमीन पाहिजे, त्यासाठी रस्त्यावर आले पाहिजे आणि सोबत येईल त्याला घेतले पाहिजे. खरे तर दोन्ही म्हणणी बाबासाहेबांच्याच विचारातली होती. एका पक्षात दोन्ही नांदली असती. पण कांबळे गट स्वतःला 'दुरुस्त' म्हणवू लागला, मग लोकांनी गायकवाड गटाचे नाव 'नादुरुस्त' पाडले. आमचे वडीलधारे हा विनोद सांगून हसायचे. एस.टी. नादुरुस्त झाली तर उतारू उतरून दुसऱ्या गाडीत बसतात, आपण मात्र दोन्ही गाड्यांतून उतरून रस्त्यावर उभे राहिलो, असे एक काका म्हणत.

नादुरुस्त म्हणवल्या गेलेल्या दादासाहेबांनीच सर्वांत मोठा लढा उभारला हेही इतिहासात आहे. १९५९ ला आणि मग डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखोंनी माणसे तुरुंगात गेली, त्यात लेकुरवाळ्या बाया होत्या. भूमिहीनांना जमीन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या.

सवलतीची मागणी नीट समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या होत्या. १९५६ ला शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला तो थेट १९९० ला. म्हणजे चौतीस वर्षे, ज्याने कागदावर प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले त्याला लोकसभेच्या राखीव जागेवर उभे राहता येत नव्हते. राखीव जागा आमच्या नावाने, आणि आम्हीच बाहेर. राहिली खुली जागा. तिथे आपल्या एकट्या मतांवर निवडून येणे अशक्य. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर, म्हणजे शंभरात सहासुद्धा भरत नाहीत, आणि तेही सगळीकडे पांगलेले. ज्याला सर्वांत जास्त मते तो एकटा जिंकणार, ही पद्धत. म्हणजे कुणाशी तरी युती करणे आलेच. आणि युतीत तिकीट कुणाला द्यायचे हे देणारा ठरवतो. मग नेता आपल्याकडे बघायचे सोडून देणाऱ्याकडे बघू लागतो. गटबाजीचे मूळ नुसते कुणाच्या स्वभावात नाही, ते या व्यवहारात आहे.

हा व्यवहार १९६७ च्या सुमारास काँग्रेसबरोबरच्या समझोत्याने सुरू झाला. दोन-चार जागा, एखादे सभापतिपद पदरात पडले. काही जण तर सरळ तिकडे गेले. आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले, मध्य मुंबईचे खासदार झाले, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. बी. पी. मौर्यही काँग्रेसमध्ये जाऊन केंद्रात मंत्री झाले. इकडे १९७० ला गायकवाड आणि बॅरिस्टर खोब्रागडे यांचे गट वेगळे झाले. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब गेले, आणि सर्वांना धरून ठेवणारा जुना माणूस संपला.

याच वैतागातून १९७२ ला दलित पँथर जन्माला आली. खेड्यापाड्यात अत्याचार चालले होते आणि रिपब्लिकन पुढारी गप्प होते. भंडारे राज्यपाल झाल्याने मध्य मुंबईची जागा रिकामी झाली. जानेवारी १९७४ च्या त्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार घातला. वरळीत दंगल पेटली, मोर्चात भागवत जाधव हुतात्मा झाले, आणि काँग्रेसचे रामराव अदिक पडले. आपल्या मतांनी कुणी निवडून येवो न येवो, कुणाला पाडता येते हे त्या दिवशी कळले. पुढाऱ्यांनीही घाईने ऐक्य जाहीर केले. ते टिकले नाही, आणि त्याच वर्षी पँथरही फुटली. ढाळे एकीकडे, ढसाळ दुसरीकडे. बुद्ध की मार्क्स यावर वाद झाला. वस्तीतल्या पोरांनी तर दोन्ही पुरते वाचलेले नव्हते, पण एकमेकांशी बोलणे बंद केले.

त्यानंतरचा नामांतराचा लढा मात्र बघा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात घरे जळाली, पोचीराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे गट कितीही असले तरी रस्त्यावर माणूस एकच होता. १९९० ला तैलचित्र लागले, बौद्धांना सवलती मिळाल्या. जे काही मिळाले ते लढ्यातून मिळाले, आणि जे घालवले ते तिकिटाच्या टेबलावर घालवले. आमच्या हिशेबाने सत्तर वर्षांचा ताळेबंद एवढाच आहे.

ऐक्याची तहानही मोठी होती. १९८९-९० ला तरुणांच्या रेट्याने ऐक्य झाले आणि निवडणुकीतच विस्कटले. पुन्हा १९९५-९६ ला झाले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्या संतापानंतर आलेली १९९८ ची लोकसभा कोण विसरेल? प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून. चारच्या चार निवडून आले, तेही खुल्या जागांवर! दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रात १५ वर असलेली काँग्रेस आपल्या मतांच्या जोरावर ३३ वर गेली. त्या रात्री वस्तीत निळा गुलाल इतका उधळला की आठवडाभर पायऱ्या निळ्या होत्या. ती आजी म्हणाली, "आता बाबा हसला आसंल."

ते हसू तेरा महिने टिकले. सरकार पडले, काँग्रेस फुटली, आणि तिच्या फुटीबरोबर आपलेही वाटे पडले. १९९९ ला चारांचे दोन राहिले आणि तेही वेगवेगळ्या वाटेचे. भांडण दुसऱ्याच्या घरचे आणि भिंत पडली आपल्या घराची! विहाराची दोन कुलपे त्यानंतरची आहेत.

पुढचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २०११ ला शिवशक्ती-भीमशक्ती झाली. कुणी भाजपबरोबर जाऊन केंद्रात राज्यमंत्री झाले, कुणी काँग्रेसबरोबर राहिले. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीने स्वतंत्र लढून लाखो मते घेतली, पण युतीतली एमआयएमची औरंगाबादची एक जागा सोडता हाती काही आले नाही. तेव्हा एकाच घरात बाप म्हणाला मत फुकट गेले, आणि लेक म्हणाली मत विकले नाही, हे काय कमी आहे? आम्हाला दोघांचेही पटते, आणि हीच अडचण आहे. सोबत गेले तर गहाण पडतो, एकटे गेले तर पडतो.

वस्तीतले राजकारणही याचीच छोटी आवृत्ती. नळाला पाणी नाही, गटार तुंबलेले, पण निवडणूक आली की प्रश्न एकच: तू कुठल्या गटाचा? मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात, हे लिहायला लाज वाटते, पण खोटे कसे लिहावे? पुढारी विकले गेले म्हणून आपण ओरडतो. पाकीट घेणारा हात कुणाचा होता? शिवाय आपण विचारापेक्षा माणसामागे गेलो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती चालेल, राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि हुकूमशाहीला नेते. ते भाषण आपण पाठ केले, आणि भक्तीही चालू ठेवली.

मग करायचे काय? कोसंबीची गोष्ट सगळ्यांनी प्रवचनात ऐकली असेल. शौचालयातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यावरून दोन भिक्खूंचे बिनसले आणि सगळा संघ दुभंगला. भगवंतांनी समजावले, कुणी ऐकले नाही. तेव्हा भगवंत एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. भांडण मिटवले ते कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. त्यांनी ठरवले, या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षा वाढायची नाही. पोटाला चिमटा बसला तेव्हा भिक्खू श्रावस्तीला जाऊन भगवंतांपुढे वाकले आणि संघ एक झाला.

आपणच ते उपासक आहोत. वंदन आणि भिक्षा दोन्ही आपल्या हातात आहेत. विहाराची दोन कुलपेही कुठल्या पुढाऱ्याने काढली नाहीत. आपल्या महिला मंडळाने ठरवले की दार उघडेपर्यंत जयंतीची वर्गणी कुणालाच द्यायची नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही किल्ल्या आजींच्या हातात आल्या. आज आजी नाहीत. पण तेव्हापासून विहारात पक्षाचा फलक लागत नाही, आणि उमेदवार आला तर त्याला हार न घालता प्रश्न विचारले जातात, मग तो कोणत्याही गटाचा असो. पाण्याचे काय केले, पोरांच्या शिष्यवृत्तीचे काय झाले, कुणाशी कोणत्या अटीवर युती केली, हे तो उभा राहून सांगतो.

एवढ्याने रिपब्लिकन ऐक्य होईल असा आमचा दावा नाही. पण पुढाऱ्यांनी एक व्हावे म्हणून आम्ही फार वर्षे वाट पाहिली. आता निदान वस्तीने दुरुस्त राहावे. विहाराची किल्ली एकच असावी आणि ती कुठल्याही गटाच्या खिशात नसावी, एवढे या वर्धापनदिनी आपण सर्वांनी मिळून सांभाळू या.

जय भीम! नमो बुद्धाय!