पंख्याविना तेराशे किलोमीटर

मार्च २०१६. तुम्ही चेन्नईत आहात, पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत. कुठेतरी वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत, तमिळमधल्या हाका कानावर येतायत, एकही शब्द कळत नाही. समोर बारा डब्यांची गाडी. लोकल म्हणावी तर दारात लटकायची सोय नाही. दारं आपोआप मिटतात. मुंबईची पहिली एसी लोकल ही.

कारखाना १९५५ सालचा, स्विस तंत्रावर उभारलेला. सुरुवातीला इथे डब्यांचे नुसते सांगाडे बनत. आतली सजावट करणारा विभाग १९६२ साली आला.

कुणाचं लक्ष नाहीसं बघून तुम्ही आत चढता. पेंटचा वास. पुढे इंजिन जोडलं जातं, हिसका बसतो आणि गाडी हलते. तिचे पँटोग्राफ खाली मिटलेले, मोटरी थंड. ही लोकल स्वतः धावत नाहीये, मालासारखी ओढून नेली जातेय. आणि अर्थात एसी बंद! काचा बंद, डोक्यावर पंखाही नाही. रायलसीमेच्या उन्हात तुमचा सदरा पाठीला चिकटतो. बसायला मात्र हवी ती जागा, खिडकीचीसुद्धा. असं सुख या गाडीत पुन्हा कुणाला मिळणार नाही. जवळजवळ तेराशे किलोमीटरचा हा तिचा एकमेव लांबचा प्रवास; चर्चगेट ते विरार जेमतेम साठ.

प्रत्येक बाजूच्या रुळावर थांबत, एक्सप्रेसना वाट देत, घाट उतरून एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही कुर्ला कारशेडमध्ये पोचता.

इथे जरा डोळे मिटा. ३ फेब्रुवारी १९२५: व्हिक्टोरिया टर्मिनसहून देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावरून याच कुर्ल्याकडे निघालीय. तिच्या डब्यांचे कारखाने दोन, इंग्लंडमधला कॅमेल लेअर्ड आणि जर्मनीतला उर्डिंगन. महायुद्ध संपून सात वर्षंही झाली नव्हती, आणि शत्रूंच्या कारखान्यांतले डबे समुद्र ओलांडून मुंबईच्या रुळांवर उतरले होते. त्या गाडीची १५०० व्होल्टची डीसी वीज हार्बरवर टिकली एप्रिल २०१६ पर्यंत. म्हणजे तुमची एसी लोकल कुर्ल्यात शिरली, त्याच महिन्यात ती वीज गेली.

डोळे उघडा. शेडमध्ये मापं चाललीयत आणि चेहरे पडलेयत. गाडी उंच झालीय! मध्य रेल्वेवरच्या ब्रिटिशकालीन बुटक्या पुलांखालून ती सुखरूप जाईल याची खात्री कुणी देईना. एवढ्या लांबून गाडी आणायची आणि पूल नंतर आठवायचे, याला काय म्हणावं?

शेवटी ती पश्चिम रेल्वेला देण्यात आली. पहिले प्रवासी तिच्यात चढले २५ डिसेंबर २०१७ रोजी, बोरिवलीला.