चेता-स्नायू संधी

प्रेरक चेतापेशीच्या अक्षतंतूचे टोक आणि ऐच्छिक स्नायूचा तंतू ज्या ठिकाणी एकमेकांच्या अगदी निकट येतात, परंतु प्रत्यक्ष जोडले जात नाहीत, त्या संपर्कस्थानाला चेता-स्नायू संधी म्हणतात. अशा संपर्कस्थानासाठी वापरली जाणारी सिनॅप्स ही संज्ञा इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये प्रचारात आणली. चेतेतून विजेच्या रूपाने आलेला संदेश या संधीत रासायनिक रूप घेतो आणि स्नायूत पुन्हा विद्युत् रूप धारण करतो.

रचना : स्नायूजवळ पोचताना अक्षतंतूवरील मायलिनचे आवरण संपते व त्याला अनेक शाखा फुटतात. प्रौढ माणसात प्रत्येक स्नायुतंतूला सामान्यतः एकच शाखा मिळते, मात्र एक चेतापेशी अनेक तंतूंना चालना देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अशा तंतूंची संख्या थोडी, तर पोटरीच्या स्नायूत ती हजाराहूनही अधिक असते, आणि हालचालीतील नेमकेपणा व जोर बऱ्याच अंशी या प्रमाणावर अवलंबून असतो. अक्षतंतूच्या टोकाशी, म्हणजे चेताग्रात, ॲसिटिलकोलीन या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या (पुटिका) असतात. समोर सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीची फट असून तिच्या पलीकडे स्नायुतंतूच्या पटलाला घड्या पडलेल्या असतात व त्यांच्या माथ्यावर ॲसिटिलकोलीनला बांधून घेणारी ग्राही प्रथिने दाटीने बसलेली असतात.

कार्य : आवेग चेताग्रापर्यंत पोचला की तेथील कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि त्यांच्या प्रभावाने पुटिका पटलाशी एकरूप होऊन ॲसिटिलकोलीन फटीत सोडतात. त्याचे दोन रेणू ग्राहीला बांधले गेले की ग्राहीतील मार्गिका उघडते, मुख्यतः सोडियमचे आयन स्नायुतंतूत शिरतात व तेथे नवा आवेग निर्माण होतो; तो तंतूच्या अंतर्भागात पसरून साठवलेले कॅल्शियम मुक्त करतो, त्यामुळे ॲक्टिन व मायोसिन हे प्रथिनतंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. संधी ओलांडण्यास संदेशाला साधारणपणे एक मिलिसेकंदही लागत नाही. फटीतील ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर ॲसिटिलकोलीनचे तत्काळ विघटन करते, म्हणून स्नायू पुढील संदेशासाठी मोकळा होतो. निरोगी संधीत प्रत्येक आवेगाबरोबर गरजेपेक्षा बरेच अधिक रसायन सुटत असल्यामुळे संदेश सहसा चुकत नाही.

संशोधन : दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत असलेल्या क्युरारी या विषाने चेता आणि स्नायू दोन्ही कार्यक्षम राहूनही त्यांच्यातील दुवा तुटतो, हे क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकावरील प्रयोगांतून दाखवले. प्रेरक चेताग्रांतून ॲसिटिलकोलीन सुटते, हे हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. ते ठरावीक मात्रेच्या पुंजक्यांनी सुटते, हे बर्नार्ड कात्झ यांच्या १९५० च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले; १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

विकार व विषे : संदेशाचा रासायनिक टप्पा बाहेरच्या रेणूंना सहज अडवता येतो, म्हणून हीच या यंत्रणेची सर्वांत नाजूक जागा आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात बहुतेक रुग्णांच्या शरीरातील प्रतिपिंडे ग्राहींवरच हल्ला करतात. त्यामुळे पापण्या गळतात व श्रमाबरोबर स्नायूंचा अशक्तपणा वाढतो. बोट्युलिनम विष पुटिका रिकाम्या होऊ देत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके वरील विकराला निकामी करतात, त्यामुळे साचलेल्या ॲसिटिलकोलीनने स्नायू आधी फडफडतात व नंतर लुळे पडतात; विषबाधेवर दिले जाणारे ॲट्रोपीन लाळ, घाम व श्वासनलिकांतील स्राव आटोक्यात आणते, परंतु स्नायूंचा हा लुळेपणा दूर करत नाही.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या सापांपैकी नागाचे विष मुख्यतः ग्राही अडवते, तर मण्यारीचे विष प्रामुख्याने चेताग्राचीच हानी करते. ही हानी एकदा झाली की प्रतिविषानेही ती भरून येत नाही आणि चेताग्रे पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राच्या आधाराने चालू ठेवावा लागतो. म्हणून मण्यार चावल्याची नुसती शंका असली, तरी रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.