पाचव्या चाकाचे ओझे

नोकरीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती फिरणाऱ्या माणसाला भाषेच्या बाबतीत एक मौजेचा अनुभव येतो. भाजीचे नाव बदलते, नात्याचे बदलते, मिठाईचे तर हमखास बदलते. परंतु वाटेत मोटारीचे चाक बसले की लुधियानाचा मिस्त्री, मदुराईचा ड्रायव्हर आणि आपल्या साताऱ्याकडचा क्लीनर हे तिघेही एकच शब्द उच्चारतात : स्टेपनी. हा शब्द इंग्रजीतून आला, अशी आपली समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. लंडनच्या रस्त्यात एखाद्याला ‘तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का?’ असे विचारले, तर तो बुचकळ्यात पडेल. कारण त्याच्या लेखी स्टेपनी ही त्या शहराच्या पूर्व भागातील एक वस्ती आहे. आणि आपल्या शब्दाचा त्या वस्तीशी काडीचाही संबंध नाही.

शब्दाचे माहेर आहे वेल्समध्ये. दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावर लानेली नावाचे गाव आहे. (नाव असे लिहिता येते इतकेच, वेल्श माणूस त्यातला पहिला ‘ल’ ज्या घर्षणाने काढतो, तो आपल्या जिभेला साधत नाही.) कलई केलेल्या पत्र्याच्या कारखान्यांसाठी हे गाव एके काळी प्रसिद्ध होते. तेथील जमीनदार घराणे स्टेपनी यांचे, आणि त्या घराण्याचे नाव गावातील एका रस्त्याला दिलेले. याच स्टेपनी स्ट्रीटवर धंदा करणाऱ्या थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाकाची युक्ती काढली आणि तिला रस्त्याचे नाव दिले.

त्या काळच्या मोटारप्रवासाची कल्पना आज करणे कठीण आहे. मोटार नवी होती, रस्ते मात्र घोड्यांचे होते. घोड्यांच्या नालांतून निसटलेले खिळे सर्वत्र पडलेले असत आणि टायरांची त्यांच्याशी रोज गाठ पडे. चाक गाडीपासून सहज सुटत नसे, आणि टायर चाकाच्या धावेवर घट्ट बसलेला. पंक्चर झाले की लोखंडी पट्ट्यांनी तो उपसायचा, ट्यूब बाहेर काढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सारे जागेवर बसवायचे आणि मग हातपंपाने हवा भरायची. हे सारे रस्त्याच्या कडेला, चिखलात, पावसात.

डेव्हिस बंधूंनी हे चाक काढण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या शेजारी दुसरे उभे करण्याची सोय केली. त्यांच्या चाकाला आरे नव्हते, तुंबा नव्हता. नुसती गोल धाव आणि तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर. ही धाव पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून लावायची आणि आकड्यांनी व स्क्रूंनी घट्ट आवळायची. मेलेले चाक जागच्या जागी फिरत राही आणि भार मात्र शेजारचे पेलत असे. ही युक्ती लंडनच्या टॅक्सींपासून दूरच्या वसाहतींपर्यंत पसरली. हिंदुस्थानात आलेल्या मोटारींबरोबर शब्दही आला. माल्टामध्ये तो राहिला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत जादा चाकाला आजही ‘एस्टेपे’ म्हणतात, तो हाच शब्द. जन्मभूमीत मात्र तो विसरला गेला.

तो विसरला जाण्याचे कारण म्हणजे युक्ती लवकरच मागे पडली. १९०६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये ले मान्स येथे पहिली ग्रां प्री शर्यत झाली. उन्हाने रस्ता तापलेला, आणि टायर बदलायचा तर तो चालकाने व त्याच्या मदतनिसानेच, असा नियम. रेनॉ कंपनीच्या फेरेन्क सिस याच्या गाडीला मिशेलिनच्या सुट्या होणाऱ्या धावा होत्या. इतरांना जेथे पंधरा मिनिटे लागत, तेथे त्याचे काम चारएक मिनिटांत उरके. तो जिंकला. पुढे रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीने मध्यभागी एकाच नटाने आवळलेले, संपूर्ण सुटे होणारे तारांचे चाक आणले. १९०८ च्या ग्रां प्रीमध्ये संयोजकांनी त्यावर बंदी घातली, यावरूनच त्याची योग्यता कळून यावी. चाकच सुटू लागल्यावर अर्धवट चाक शेजारी बांधण्याची गरज उरली नाही. आपण गाडीत संपूर्ण चाक ठेवू लागलो आणि त्याला नाव मात्र त्या बिनआऱ्याच्या धावेचे दिले.

मोटारीचे इतिहासकार बहुधा येथे थांबतात. माझ्या मते खरा प्रश्न येथून सुरू होतो. पाचवे चाक असावे हे ठरले. पण ते ठेवावे कोठे? आमच्या कारकुनी जगात रजेवर गेलेल्याच्या जागी बसवण्यासाठी एक ‘लीव्ह रिझर्व्ह’ नेमलेला असतो, आणि सहकारी त्याला गमतीने स्टेपनीच म्हणतात. त्याची गरज सर्वांना मान्य असते. त्याचे टेबल कोठे मांडावे, याचा निर्णय मात्र होत नाही. चाकाचेही तसेच झाले.

आरंभी ते पायरीच्या फळीवर, चालकाच्या बाजूला उभे बांधीत. त्यामुळे त्या बाजूचे दार उघडेना. चालकाने पलीकडून चढावे. पुढे ते मडगार्डच्या खोबणीत गेले, मग पाठीमागे, आणि शेवटी डिकीत. घरगुती गाडीपुरता प्रश्न मिटला. तो पुन्हा उभा केला जीपने.

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली, तिला पहिला प्रतिसाद पेनसिल्व्हेनियातील छोट्या बँटम कंपनीने दिला, आणि उत्पादनाचा मोठा भाग पुढे विलिस व फोर्ड यांनी उचलला. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. या गाडीत डिकी नव्हती, छत कापडाचे, आणि प्रत्येक इंच माणसे व शस्त्रे यांसाठी हवा. तेव्हा चाक पाठीवर गेले : मागच्या पत्र्यावर उजवीकडे चाक, डावीकडे पेट्रोलचा डबा. हे सोपे झाले, कारण सैनिकी जीपला मागे दारच नव्हते. माणसे बाजूने उड्या टाकीत.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये विलिसने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही मुलकी जीप काढली. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची होती, म्हणून पाठीमागे खाली पडणारी फळी आली. फळी येताच चाकाला जागा सोडावी लागली. ते गाडीच्या बगलेला गेले. इंग्लंडमध्ये १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरवर ते अनेकदा बॉनेटवर चढवीत, आणि चालक त्याच्या कडेवरून रस्ता पाहत असे. दार हवे की चाक, हा झगडा तेव्हापासून चालू आहे.

आपल्या देशात जीपची जुळवणी महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. १९४५ साली निघालेल्या या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सामुदायिक विकास योजना सुरू झाली, आणि जीप ही सरकारची खेड्यातली ओळख बनली. वाचकांपैकी ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी तालुक्याचे दौरे केले असतील, त्यांना ती गाडी ऐकून तरी ठाऊक असेल. होल्डॉल, फायलींच्या पेट्या, पाण्याची सुरई आणि दोन शिपाई मागून चढायचे. त्या दौऱ्यांत मागच्या बाजूला काय आहे, हा शोभेचा प्रश्न नव्हता.

१९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने आणि २००० मधील बोलेरोने दुसरा तोडगा स्वीकारला : मागचे दार बाजूला उघडणारे करायचे आणि चाक दारालाच टांगायचे. एक हात फिरवला की दार आणि चाक दोन्ही दूर. ही सोय गोड आहे; तिचे बिल बिजागऱ्या भरतात. हिशेब सोपा आहे. मोठे टायर घातलेल्या गाडीचे चाक चाळीस किलोंचे धरू. ते बिजागरीपासून साठ सेंटिमीटरवर टांगले, आणि दोन बिजागऱ्यांत तीस सेंटिमीटर अंतर असले, तर दार उघडे असताना वरची बिजागरी ऐंशी किलोंच्या जोराने बाहेर ओढली जाते, खालची तितक्याच जोराने आत दाबली जाते. हे गाडी उभी असताना. बंद दारात कुलूप काही भार घेते. पण गाडी खड्ड्यांतून चालली की चाळीस किलोंचे क्षणभर शंभर होतात, आणि तेही पातळ पत्र्यावर. प्रथम दार खडखडते, मग खाली उतरते, मग उचलून लावावे लागते, आणि एके दिवशी बिजागरीजवळ पत्रा चिरतो.

उपाय असा की चाकाचा भार दारावरून काढून घ्यायचा आणि तो थेट चासीवर टाकायचा. टोयोटाच्या चाळीस मालिकेतील लँड क्रूझरवर आणि १९७६ पासूनच्या सीजे-७ जीपवर चाकासाठी बाजूला वळणारा स्वतंत्र हात मिळत असे. परंतु कारखान्याचा हात कारखान्याच्या चाकापुरता असतो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हौशी लोकांनी ३३ आणि ३५ इंची टायर घालण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मागचा बंपरच नव्याने बांधला. एरवी बंपर म्हणजे धक्का खाण्याची पट्टी. यांनी त्याचा खांब आणि तुळई केली.

या रचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. पोलादी चौकोनी नळीची जाड तुळई चासीच्या दोन्ही दांड्यांना मजबूत बोल्टांनी बांधतात. बॉडीला ती शिवत नाही. बॉडी चासीवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते आणि चालताना थोडी वेगळी हलते. चाक चासीवर, दार बॉडीवर, म्हणून दोहोंमध्ये बोटभर मोकळी जागा राखावीच लागते. नाही तर पहिल्याच घाटात रंग निघतो. तुळईच्या एका टोकाला आरपार भोक पाडून जाड दांडा उभा वेल्ड करतात. नुसता वरच्या पत्र्याला चिकटवलेला दांडा आज ना उद्या पत्र्यासकट उपटतो. वर आणि खाली दोन्हीकडे जोड हवा. या दांड्यावर फिरणाऱ्या हातात ट्रेलरच्या चाकाच्या निमुळत्या बेअरिंगा घालतात. ज्या बेअरिंगा शेकडो किलोंचा ट्रेलर वाहण्यासाठी बनलेल्या आहेत, त्यांना एक चाक म्हणजे खेळ. ग्रीस भरण्यास तोंड ठेवतात, वर टोपण लावतात.

सर्वांत नाजूक जागा दुसऱ्या टोकाची. हात बंद होताना त्याचा शेवट एका उतरत्या तुकड्यावर चढतो आणि तुळईवर टेकतो. म्हणजे चालत्या गाडीत भार एका टोकाला लोंबत नाही, दोन्ही टोकांवर वाटला जातो. मग खटका असा, की तो दाबला की हात खाली आणि आत ओढला जावा. केवळ कडी अडकवली तर खडखड राहते, आणि खडखड म्हणजे लोखंडाची झीज. उघड्या हातासाठी वेगळी खीळ लागते. नाही तर गाडी उतारावर उभी असताना चाकासकट तो हात परत येऊन माणसाच्या पाठीत बसतो. नंबरपाटी आणि मागचे दिवे चाकाआड जाऊ नयेत, हेही पाहावे लागते. अनेक हौशी कारागीर हे शेवटी आठवतात आणि केलेले काम पुन्हा कापतात.

तोटेही आहेत. मागच्या आसापलीकडे एवढे वजन टांगले की पुढची चाके हलकी होतात. दार उघडण्यापूर्वी हात उघडण्याचा दुसरा सोपस्कार रोज करावा लागतो. मागून धडक बसली तर पत्रा चेपून शोषला जाणारा मार सरळ चासीवर जातो. आपल्याकडे आणखी एक बाब आहे : मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२. नोंदणीपत्रातील तपशिलांत कारखान्याच्या मूळ रचनेहून वेगळा बदल करण्यास ते आडवे येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत याबाबत कडक भूमिका घेतली. नियमांच्या पुस्तकावर ज्याचे पोट चालते, त्याने नियमाला नावे ठेवू नयेत. तरीही वाटते की, नुसता दिमाख म्हणून लावलेला लोखंडी कठडा आणि दाराचा भार उतरवणारा हात यांना एका मापाने मोजणे हा न्याय थोडा ढोबळ आहे. परवानगी मागणाऱ्याची रचना तपासण्याची वाट तरी सुलभ हवी होती.

दरम्यान पाचव्या चाकाचीच गरज कमी होत चालली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती केली : साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवण्याचे साहित्य असेल, तर जादा चाक ठेवण्याची सक्ती नाही. शहरातल्या गाड्यांतून ते हळूहळू उतरेल. स्पितीच्या वा लडाखच्या वाटेवर टायरची बाजू दगडाने फाटली की बुजवण्याचे साहित्य कामाचे नाही. तेथे चाक लागतेच, आणि ते मागच्या दाराला टांगलेले असेल तर मनालीतल्या मिस्त्रीकडे बिजागऱ्यांचे कामही चालूच राहील.