आरशाची वक्रता आणि तिची परीक्षा

घासूनपुसून लखलखीत केलेला चमचा हाती घ्यावा आणि त्याच्या खोलगट बाजूत पाहावे. चेहरा उलटा दिसतो. तोच चमचा फिरवून फुगीर बाजू समोर धरावी. चेहरा सुलटा, पण लहान होतो. धातू तोच आणि चेहराही तोच. पालटली ती केवळ वक्रता.

खोलगट, म्हणजे अंतर्गोल आरशावर दुरून येणारे समांतर किरण परावर्तनानंतर एका बिंदूपाशी जमतात. त्या बिंदूस नाभी म्हणतात. वस्तू नाभीच्या आत असेल तर प्रतिमा सुलटी व मोठी दिसते; पलीकडे असेल तर ती उलटी होते व पडद्यावर धरता येते. ताऱ्यासारख्या अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीपाशीच उमटते. दुर्बिणीच्या आरशाचे सारे रहस्य एवढेच.

परंतु येथे एक पेच आहे. गोलाच्या पृष्ठभागातून कापल्यासारखा आरसा सर्व किरण एका बिंदूत आणीत नाही. कडेवरून परतणारे किरण मध्यावरून परतणाऱ्या किरणांपेक्षा आरशाच्या अधिक जवळ एकत्र येतात आणि प्रतिमा धूसर होते. या दोषास गोलीय विपथन म्हणतात. त्यावर उपाय अन्वस्त वक्राचा, हे ग्रीक गणिती डायोक्लीझ याने इसवी सनापूर्वी सुमारे २०० या काळात सिद्ध केले होते. अकराव्या शतकात कैरो येथे इब्न अल्-हैथम यानेही अशा आरशांचा सखोल विचार केला.

सिद्धान्त हाती होता. अडत होते ते घडवणे. दोन चकत्या एकमेकींवर घासल्या की गोल पृष्ठभाग जणू आपोआप तयार होतो. अन्वस्त पृष्ठभाग मात्र जाणीवपूर्वक साधावा लागतो. १६६८ साली न्यूटनने तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून पहिली परावर्ती दुर्बीण तयार केली. तो आरसा गोलीय होता. पण इतका लहान, की त्याचा दोष सोसण्याजोगा ठरला. १७२१ साली जॉन हॅडलीने सुमारे ६ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली, तेव्हा अन्वस्त आरसा व्यवहारात उतरला. तरीही परीक्षेचा प्रश्न उरलाच. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील फूकोने सोडवला. आरशाच्या वक्रतामध्याशी प्रकाशाचा ठिपका ठेवायचा आणि त्याच्या प्रतिमेत पात्याची धार हळूच सरकवायची. आरशावरील सूक्ष्म उंचवटे व खळगे छायाप्रकाशात डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागतात.

परीक्षेचे साधन मिळाले, म्हणजे चूक टळली असे नव्हे. १९९० च्या एप्रिलमध्ये हबल दुर्बीण अंतराळात गेली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा आणि विलक्षण गुळगुळीत होता. तरीही तारे धूसर दिसले. चौकशीअंती कळले, की आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दुपटीने, अधिक सपाट झाली होती. दोष कारागिराच्या हाताचा नव्हता. ज्या उपकरणाने आरसा तपासला, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी विसंगती दाखवली होती. पण ती उपकरणे कमी अचूक, म्हणून त्यांची साक्ष बाजूला सारली गेली. न्यूटनचा आरसा ज्या जातीच्या दोषाने ग्रस्त होता, त्याच जातीचा दोष तीन शतकांनंतर पुन्हा उभा राहिला.

उपायही त्या चुकीतच दडलेला होता. आरसा चुकीच्या आकाराचा होता, पण तो आकार अत्यंत काटेकोरपणे साधलेला होता. म्हणून चूक नेमकी मोजता आली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी तेवढाच, पण उलट दिशेचा दोष मुद्दाम दिलेले छोटे आरसे दुर्बिणीत बसवले आणि विश्व स्पष्ट झाले.

आरशाला स्वतःचा दोष दिसत नाही. तो दाखवावयास दुसरी दृष्टी लागते. आणि ती दृष्टी चुकत असेल, तर तिसरीचे म्हणणे, मग ती कितीही साधी असो, ऐकून घ्यावे लागते. वक्र आरशाच्या दीर्घ इतिहासाने शिकवलेला हा धडा आरशापुरता मर्यादित नाही.