मीटराची साक्ष

सन २०२२ च्या मार्च महिन्याची ३१ वी तारीख इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील पुष्कळ कुटुंबांच्या स्मरणांत राहिली असेल. त्या दिवशीं कोणी जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटांत, कोणी दाराबाहेरच्या पेटीपाशीं विजेरी घेऊन वांकलें होतें, आणि मीटरावरील आंकडे वाचून ते कंपनीस कळविण्याची धांदल घरोघर चालली होती. दुसऱ्या दिवसापासून दर वाढावयाचे होते. 'ऑफजेम' या तेथील नियामक संस्थेनें ३ फेब्रुवारीसच जाहीर केलें होतें कीं, सर्वसाधारण कुटुंबाच्या वीज व गॅस यांच्या वार्षिक खर्चाची मर्यादा १,२७७ पौंडांवरून १,९७१ पौंडांवर जाईल. ही वाढ शेंकडा ५४ होय. विजेचें युनिट सुमारें २१ पेन्सांस मिळत होतें, तें २८ पेन्सांस मिळणार होतें. गॅसचा दर ४ पेन्सांवरून ७ पेन्सांवर जाणार होता.

वरवर पाहतां ही धांदल कोणास हास्यास्पद वाटेल. पण आम्हांस तिच्या मुळाशीं एक जुनाच प्रश्न दिसतो. विकत घेतलेला माल डोळ्यांना दिसत नसेल, तर त्याचें माप खरें कीं खोटें हें कोणीं सांगावयाचें?

धान्य पायलीनें मोजतात, दूध मापानें घालतात, आणि दोन्ही वेळीं गिऱ्हाइकाची नजर मापावर असते. विजेचें तसें नाहीं. एडिसननें ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रांतून वीज पुरविण्यास आरंभ केला. तिच्या मापनासाठीं त्यानें योजलेलें साधन रासायनिक होतें. एका क्षाराच्या द्रावणांत जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. घरांत येणाऱ्या प्रवाहाचा ठराविक अल्पसा अंश त्यांतून जाई, आणि एका पट्टीवरील जस्त सुटून दुसरीवर बसे. कंपनीचा मनुष्य मुदतीनें त्या पट्ट्या काढून नेई, त्यांचें वजन करी, व त्यावरून बिल ठरे. थंडींत द्रावण गोठूं नये म्हणून पेटींत एक दिवाहि ठेवावा लागे! फॅरडेनें शोधून काढलेल्या नियमावर आधारलेली ही युक्ति शास्त्रदृष्ट्या सयुक्तिकच होती. परंतु गिऱ्हाइकास तींत कांहींच वाचतां येत नसे. तराजू कंपनीचा, वजनें कंपनीचीं आणि हिशेबहि कंपनीचाच!

पुढें थोड्याच वर्षांत हें पालटलें. जर्मनींत हर्मन आरोन यानें लंबकाच्या घड्याळावरून मीटर बनविला. अमेरिकेंत १८८८ सालीं ऑलिव्हर शॅलेनबर्गर यानें, व बुडापेस्ट येथें १८८९ सालीं ओटो ब्लाथी यानें उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहासाठीं फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. चकती फिरे, दंतचक्रें हलत, आणि तबकडीवरील कांटे पुढें सरकत. यंत्रशास्त्राच्या इतिहासांत या शोधांचें महत्त्व मोठें आहे. परंतु गृहस्थाच्या दृष्टीनें त्याहून मोठी गोष्ट ही कीं, आतां ज्याला अंक ओळखतां येतात त्या कोणासहि आपल्या घरचा खप वाचतां येऊं लागला. विक्रेता आणि ग्राहक या दोघांमध्यें एक तटस्थ साक्षीदार उभा राहिला.

या साक्षीदारांत मात्र एक उणीव राहिली. त्याला संख्या कळते, तारीख कळत नाहीं. किती युनिटें जळलीं तें तो सांगतो. कधीं जळलीं तें सांगत नाहीं. दोन नोंदींच्या मध्येंच दर बदलला, तर जुन्या दराचीं युनिटें किती व नव्या दराचीं किती, ही वांटणी कंपनीला अंदाजानें करावी लागते. विजेचीं १०० युनिटें चुकून नव्या दरांत गेलीं तर ७ पौंडांचा फरक पडे. गॅसचीं ५०० गेलीं तर १५ पौंडांचा. सुखवस्तु घरास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. हिंवाळाभर एकच खोली ऊबदार ठेवून दिवस काढणाऱ्या वृद्धेस ती तशी वाटणार नाहीं. म्हणूनच मीटर ज्या बाबतींत मुका, ती तारीख माणसानें सांगावयाची होती.

ज्यांचे नव्या तऱ्हेचे मीटर आपली नोंद आपणच कंपनीस पाठवीत, किंवा ज्यांचा दर कराराने बांधलेला होता, त्यांस ही चिंता नव्हती. बाकीच्यांची एवढी गर्दी लोटली कीं, कित्येक कंपन्यांचीं संकेतस्थळें त्या दिवशीं बंद पडलीं, आणि त्यांतील कांहींना ३१ मार्चचा आंकडा मागाहूनहि स्वीकारूं असें सांगावें लागलें.

येथें एक मोहहि होता. खऱ्या आंकड्यापेक्षां थोडा मोठा आंकडा कळविला, तर पुढचीं युनिटें जुन्या स्वस्त दरांत बसतात! परंतु मीटराचा कांटा सावकाश कां होईना, आपल्या गतीनेंच चालतो. पुढील नोंदीच्या वेळीं तो खोट्याच्या मागें उभा सांपडतो. ग्राहकाची साक्ष मानली जावी असें वाटत असेल, तर ती खरी असणें हें ग्राहकाचेंच काम आहे.

आपल्याकडेहि २०२० सालच्या टाळेबंदींत मीटर वाचणारे घरोघर जाऊं शकले नाहींत. महाराष्ट्रांत सरासरीवरून बिलें निघालीं, आणि जून महिन्यांत जेव्हां प्रत्यक्ष नोंदींवरून कित्येक महिन्यांचा हिशेब एकदम हातीं पडला, तेव्हां केवढा गवगवा झाला हें वाचकांस आठवत असेलच. रागाचें कारण केवळ रक्कम नव्हती; आपल्या डोळ्यांआड झालेला हिशेब मान्य करावा लागतो, याची ती चीड होती.

त्याच २०२२ सालीं १ ऑक्टोबरपासून ब्रिटनमधील दर पुन्हां चढले. सरकारनें मध्यें पडून दरांस आळा घातला, तरी विजेचें युनिट सुमारें ३४ पेन्सांवर गेलें. आदल्या दिवशीं पुन्हां तींच कपाटें उघडलीं गेलीं. दर ठरविणें त्या घरांच्या हातीं नव्हतें. आपण काय वापरलें आणि केव्हां वापरलें एवढें खरें खरें सांगणें मात्र त्यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं सोडलें नाहीं.