ग्रंथालयातल्या विज्ञानाचं मोल

अंबरनाथ म्हटलं की शके 982, म्हणजे इ. स. 1060 मधलं शिवमंदिर डोळ्यांपुढं येतं. पण तिथल्या एमआयडीसीत रसायनांचे कारखानेही आहेत, आणि रसायनाच्या कारखान्याला भट्टीइतकाच ग्रंथही लागतो. तो मिळावा कुठं?

मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं 1864 साली त्याच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. राजाबाई मनोरा 1878 साली पुरा झाला. इमारत देणगीतून होते, पण कपाटात विज्ञानाचं काय ठेवावं हे देणगीदार कसा सांगणार? 1933 साली विद्यापीठानं रसायन-तंत्रशास्त्राचा विभाग काढला. तिथं पुढं प्रमुख झालेल्या प्रा. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरचा ग्रंथ 1952 साली दोन खंडांत निघाला. असा ग्रंथ लिहायचा तर जुनी नियतकालिकं हाताशी हवीतच.

संग्रहाचं मोल मापायची एक युक्ती अमेरिकेत 1927 साली ग्रॉस आडनावाच्या दोघांनी काढली. अमेरिकी रसायनसंस्थेच्या नियतकालिकाचा 1926 चा खंड घेतला आणि त्यातल्या तळटीपा मोजल्या. संशोधक कोणाचा आधार घेतात, ते कळलं! जर्मन नियतकालिकांचा आधार इतका निघाला की, रसायनाच्या विद्यार्थ्याला जर्मन यायलाच हवी असं त्यांनी सुचवलं.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या महाविद्यालयात जागा अपुरी पडली. मी छाटणीच्या समितीवर होतो. मागच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तारखेचा शिक्का नाही, ते पुस्तक रद्दीत, असा सोपा नियम मीच सुचवला. बांधीव नियतकालिकं त्यात गेली. पुढल्याच वर्षी अंबरनाथच्या कारखान्यातले एक रसायनज्ञ आले. एका जुन्या रंगाची कृती त्यांना हवी होती. ते म्हणाले, "सर, मागं इथंच बसून वाचली होती मी." नियतकालिकं घरी देतच नसत, मग शिक्का पडणार कुठून? त्यांना चहा पाजला आणि लोकलनं मुंबईला धाडलं. दुसरं काय करणार?

आता टेबलावरचं पुस्तक कपाटात परत ठेवण्याआधी आमचा शिपाई मागच्या पानावर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. गुरुजी, तुमच्या शाळेत कपाट एकच असेल, तरी निर्लेखनाची यादी करण्यापूर्वी वर्षभर अशा रेघा ओढून पाहा.